इंजिन एक म्हणून गाडी एक होत नाही

मेलबर्न किंवा अ‍ॅडलेडमधल्या आपल्या मंडळींत जुनी होल्डन कमोडोर घ्यायचा विषय निघाला, की एक सल्ला हमखास ऐकायला मिळतो: साधी एसएस घे, इंजिन तेच आहे, एसएस व्ही रेडलाइनला जादा पैसे मोजणं म्हणजे ब्रेकवर लिहिलेल्या नावाचे पैसे मोजणं. हा सल्ला देणारे लोक अडाणी नसतात. त्यांनी कित्येक वर्षं गाड्या चालवलेल्या असतात, आकडे त्यांना तोंडपाठ असतात आणि समोरच्याचे पैसे वाचावेत ही त्यांची तळमळही खरी असते. तरीही सल्ला चुकीचा आहे. तो इतक्या खात्रीनं दिला जातो आणि इतक्या सहज पटतो, की त्याचा नीट प्रतिवाद व्हायला हवा.

ज्यांना ही गाडी ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. व्हीएफ कमोडोर २०१३ मध्ये आली. अ‍ॅडलेडच्या उत्तरेला एलिझाबेथ इथल्या कारखान्यात बनलेली ही शेवटची कमोडोर. २०१५ मध्ये तिची दुसरी मालिका निघाली आणि २० ऑक्टोबर २०१७ रोजी कारखाना बंद झाला. पुढं इंजिन, मागच्या चाकांना ताकद, चार दारं, पाच माणसांना ऐसपैस जागा आणि बॉनेटखाली व्ही-८, अशी मोठी सेडान. व्ही-८ च्या स्पोर्टी गाड्या तीन पायऱ्यांत मिळत: एसएस, तिच्या वर एसएस व्ही आणि सगळ्यात वर एसएस व्ही रेडलाइन. २०१३ मध्ये मॅन्युअल गिअरच्या सेडानची किंमत, रस्त्यावर आणायचा खर्च सोडून, एसएसला ४१,९९० डॉलर, एसएस व्हीला ४५,४९० आणि रेडलाइनला ५१,४९० होती. म्हणजे खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंत साडेनऊ हजारांचा फरक. सगळा वाद या साडेनऊ हजारांचा आहे.

विरोधी बाजूचा मुद्दा आधी पूर्ण ताकदीनं मांडतो, कारण तो कच्चा नाही. पहिल्या मालिकेत तिन्ही गाड्यांना एकच ६ लिटरची व्ही-८ होती. मॅन्युअलला २७० किलोवॅट आणि ऑटोमॅटिकला २६०. दुसऱ्या मालिकेत तिन्हींना ६.२ लिटरचं एलएस-३ मिळालं: ३०४ किलोवॅट आणि ५७० न्यूटन मीटर. वरच्या मॉडेलला जादा ताकद देण्याची जुनी खोड होल्डननं इथं केली नाही. सहा गिअरचा मॅन्युअल सगळ्यांना उपलब्ध होता. दुसऱ्या मालिकेतला झडपा उघडणारा सायलेन्सर आणि इंजिनाचा आवाज आत आणणारी नळीसुद्धा व्ही-८ असलेल्या सगळ्यांना मिळाली. मागचा कॅमेरा, पुढचे-मागचे पार्किंग सेन्सर, आठ इंची पडदा हे तर सगळ्यात स्वस्त इव्होकवरही होतं. सिग्नलवरून सुटताना एसएस आणि रेडलाइन शेजारी उभ्या केल्या, तर पहिल्या शंभर मीटरमध्ये कोण पुढं जाईल हे ठरवणं अवघड. मग साडेनऊ हजार कशाला?

प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं, की इंजिन एक आहे म्हणूनच बाकीचा फरक महत्त्वाचा ठरतो. ताकद सारखी, वजन जवळपास सारखं, म्हणजे दोन्ही गाड्या सारख्याच वेगाला सारख्याच लवकर पोचणार. तिथून पुढं काय होतं, त्यात या दोन गाड्यांमधलं सगळं अंतर आहे. आणि रेडलाइनचे जादा पैसे जवळजवळ सगळे त्या ‘पुढं काय’वर खर्च झालेले आहेत.

ब्रेकपासून सुरुवात करू, कारण ‘नावाचे पैसे’ हा टोला तिथंच मारला जातो.

या गाडीचं वजन पावणेदोन टनांच्या आसपास आहे. चार माणसं आणि डिक्कीभर सामान घातलं की ते सहज २,१०० किलोपर्यंत जातं. एवढी गाडी ताशी १०० किलोमीटर वेगानं चालली असेल तर तिच्यात सुमारे ८ लाख ज्यूल ऊर्जा असते. वेग ११० केला, जो इथल्या मोठ्या महामार्गांवरचा कायदेशीर वेग आहे, की तीच ऊर्जा पावणेदहा लाखांवर जाते. वेग दहा टक्के वाढला आणि ब्रेकवरचा भार एकवीस टक्के. थांबायचं म्हणजे ही ऊर्जा कुठं तरी टाकायची, आणि ती जाते ब्रेकच्या डिस्कमध्ये उष्णता होऊन. एकदा जोरात ब्रेक दाबून थांबायचं असेल तर साध्या एसएसचे ब्रेक ते काम व्यवस्थित करतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. सगळ्याच व्हीएफना पाच तारे होते आणि एसएस ही असुरक्षित गाडी आहे असं मी म्हणत नाही, कुणी तसं समजूही नये.

पण आता व्हिक्टोरियातला ग्रेट अल्पाइन रोड घ्या. बर्फ बघायला माउंट होथमला गेलेली मराठी कुटुंबं हा रस्ता ओळखतात. वरून हॅरिएटविलकडं उतरताना साधारण तीस किलोमीटरमध्ये गाडी बाराशे मीटरहून जास्त खाली येते. वळणं घट्ट, एका बाजूला दरी, मध्येच सरळ पट्टा येतो आणि लगेच पुढचं वळण. २,१०० किलोची गाडी बाराशे मीटर खाली आणताना जवळपास अडीच कोटी ज्यूल ऊर्जा जिरवावी लागते. म्हणजे १०० च्या वेगावरून पूर्ण थांबण्याचं काम एकामागून एक तीस वेळा. हवेचा विरोध आणि खालच्या गिअरमधलं इंजिन त्यातला बराच वाटा उचलतं, आणि शहाणा माणूस गिअर खाली घेऊनच उतरतो. पण उरलेला वाटा डिस्कवर येतो, आणि तो थंड व्हायला सवड न देता येतो.

अशा वेळी डिस्कचं आकारमान कामाला येतं. पातळ तवा चटकन लाल होतो आणि बिडाचा जाड तवा तेवढ्याच आचेवर वेळ घेतो, इतकं ते साधं आहे. रेडलाइनच्या पुढच्या चाकांत ३५५ मिलिमीटर व्यासाची डिस्क आणि चार पिस्टनचं ब्रेम्बो कॅलिपर असतं. कॅलिपर जागेवर घट्ट बसवलेलं असतं आणि पिस्टन डिस्कच्या दोन्ही बाजूंना असतात, म्हणून दोन्ही पॅड सारख्या जोरानं दाबले जातात. एसएस आणि एसएस व्हीचं कॅलिपर सरकणाऱ्या पद्धतीचं. पिस्टन एकाच बाजूला आणि दुसऱ्या बाजूचा पॅड कॅलिपरच्या सरकण्यानं ओढला जाणार. रोजच्या वापरात ही पद्धत स्वस्त आणि टिकाऊ आहे, जगातल्या बहुतेक गाड्यांना तीच असते. पण वारंवार तापल्यावर पेडल हळूहळू खोल जायला लागतं, पाय नेहमीपेक्षा जास्त रेटावा लागतो, आणि पुढच्या वळणाला आपण किती आधी ब्रेक लावायचा याचा अंदाज बदलत जातो. उताराच्या शेवटच्या चार-पाच वळणांत हा फरक पायाला कळतो. दुसऱ्या मालिकेत होल्डननं रेडलाइनच्या मागच्या चाकांनाही ब्रेम्बो दिले. ताकद २७० वरून ३०४ वर गेली तेव्हा कंपनीच्या अभियंत्यांना ब्रेकही वाढवावेसे वाटले. ते त्यांनी एकाच मॉडेलवर वाढवले. एसएसला मात्र ताकद वाढवून मिळाली आणि ब्रेक आहेत तिथंच राहिले. दुसऱ्या मालिकेची एसएस ‘सगळ्यात फायद्याची खरेदी’ म्हणून सांगितली जाते, तेव्हा ही अर्धी गोष्ट सांगायची राहून जाते.

इथं कायद्याचाही एक मासला सांगण्यासारखा आहे. व्हिक्टोरिया आणि न्यू साउथ वेल्समध्ये नवशिक्या, पी-प्लेटवाल्या चालकाला कुठली गाडी चालवता येणार नाही, हे टनामागं १३० किलोवॅट या मर्यादेवर ठरतं. ताकद भागिले वजन. त्या हिशेबात एसएस आणि रेडलाइन दोन्ही बाहेर, आणि नवशिक्यासाठी ते बरोबरच आहे. पण लायसन्स पिकल्यावरही माणसं तोच भागाकार मनात ठेवून गाडी निवडतात, हे मला खटकतं. किलोवॅटचा आकडा विचारणारे शंभर भेटतील. डिस्क केवढी आहे हे विचारणारा क्वचित भेटतो.

आता टायर. साध्या एसएसला १८ इंची चाकं, चारही सारखी. एसएस व्हीला १९ इंची, पण तीही चारही सारख्या रुंदीची. रेडलाइनला १९ इंची फोर्ज केलेली चाकं. पुढं २४५ मिलिमीटर रुंद टायर आणि मागं २७५. तीस मिलिमीटरचा हा फरक शोरूममध्ये कुणाच्या नजरेत भरत नाही. पण ५७० न्यूटन मीटर जेव्हा फक्त दोन मागच्या चाकांतून रस्त्यावर उतरायचे असतात आणि मेलबर्नचा रस्ता नुकताच भिजलेला असतो, तेव्हा वळणातून बाहेर पडताना पाय किती लवकर खाली नेता येतो हे ती रुंदी ठरवते. एसएसमध्ये त्या क्षणी स्थिरता नियंत्रणाचा पिवळा दिवा लुकलुकतो आणि संगणक इंजिनाचा गळा आवळतो. पैसे मोजून घेतलेले किलोवॅट संगणक तुमच्याकडून परत काढून घेतो. तुम्ही ३०४ विकत घेतलेत आणि वापरताय त्याहून बरेच कमी.

सस्पेन्शनचं तेच. एसएस आणि एसएस व्हीला होल्डन ज्याला एफई-२ म्हणत असे ते सस्पेन्शन, रेडलाइन सेडानला एफई-३. स्प्रिंगा आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर अधिक कडक. त्याचबरोबर स्थिरता नियंत्रणात स्पर्धेसाठीची वेगळी, मोकळी सेटिंग, आणि मॅन्युअल गाडीत सुटतानाची चाकांची पकड सांभाळणारी यंत्रणा. विरोधी बाजू म्हणते, एफई-३ फार कडक आहे, रोजच्या रस्त्यावर त्रास होतो. हे मला अर्धंच मान्य आहे. कडक आहे हे खरं, आणि १९ इंची चाकावरच्या बुटक्या टायरमुळं खड्डा कळतो हेही खरं. पण ते सस्पेन्शन ऑस्ट्रेलियातच, ऑस्ट्रेलियाच्या रस्त्यांसाठी जुळवलेलं आहे. होल्डनचं लँग लँगचं चाचणी मैदान १९५७ पासून चालू होतं आणि इथला खडबडीत डांबरी रस्ता, उंचसखल कडा, मध्येच मोडलेली साइडपट्टी हे त्या अभियंत्यांचं रोजचं काम होतं. एफई-३ एकदा दबतं आणि एकदाच उठतं. एसएस मात्र त्याच उंचवट्यावर, गाडी भरलेली असेल तर, आणखी एकदा डोलते. मागं बसलेल्या लहान मुलांना वळणाच्या रस्त्यावर मळमळतं त्यात या दुसऱ्या डोलण्याचाही वाटा असू शकतो. कडकपणाची तक्रार करणाऱ्यांनी भरलेली गाडी घेऊन घाटात जावं आणि मग बोलावं.

सगळ्यात जास्त विश्वासानं मांडला जाणारा युक्तिवाद पुढचा आहे: एसएस घ्या आणि हवं तर नंतर ब्रेक बदला, तरी स्वस्त पडेल.

या ‘नंतर’मध्ये काय काय येतं ते पाहा. पुढची दोन कॅलिपर, दोन डिस्क, पॅड. मागचेही हवे असतील तर तेवढंच परत. रेडलाइनची चाकं चार, तीही दोन वेगळ्या रुंदीची. टायर चार. स्प्रिंगा चार, शॉक अ‍ॅब्सॉर्बर चार. बसवायची मजुरी, चाकांची अलाइनमेंट. मूळ गाडीचे भाग, त्याच मालिकेतले, मिळाले तर प्रकरण त्यातल्या त्यात सोपं. पण कारखाना बंद होऊन इतकी वर्षं झाल्यावर ते भंगारातल्या गाड्यांवरून शोधावे लागतात, आणि भंगारात आलेल्या रेडलाइनचे ब्रेक कसे वापरले गेले असतील हे कुणी सांगू शकत नाही. बाजारातले वेगळे भाग बसवले तर मान्यताप्राप्त अभियंत्याचं प्रमाणपत्र लागू शकतं. विमा कंपनीला प्रत्येक बदल कळवावा लागतो. न कळवल्यास दावा अडतो, आणि तो अडतो नेमका त्या दिवशी ज्या दिवशी त्याची गरज असते. एवढं सगळं करूनही संगणकातली सेटिंग एसएसचीच राहते. होल्डननं रेडलाइनचे ब्रेक, टायर, शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि स्थिरता नियंत्रण एकमेकांशी जुळवून, एकत्र तपासून दिलं होतं. घरी जमवलेल्या गाडीत ती जुळणी आपोआप येत नाही. सहा हजार डॉलरमध्ये कंपनीनं जे दिलं, ते सुटं जमवून त्या भावात उभं राहत नाही.

सहा हजार मी मुद्दाम म्हणालो. कारण साडेनऊ हजारांचे दोन तुकडे आहेत आणि ते एकसारखे नाहीत. एसएसपासून एसएस व्हीपर्यंत साडेतीन हजार; त्यात मुख्यतः चामड्याच्या सीट, नकाशा दाखवणारी यंत्रणा आणि मोठी चाकं. एसएस व्हीपासून रेडलाइनपर्यंत सहा हजार. त्यात ब्रेक, टायर, सस्पेन्शन, काचेवर वेग दाखवणारा डिस्प्ले, बोसचे स्पीकर. (काचेवरच्या त्या आकड्याला कुणी चैन म्हणू नये. व्हिक्टोरियातले वेगाचे कॅमेरे फार सवलत देत नाहीत, आणि नजर रस्त्यावर ठेवून वेग दिसणं ही उपयोगाची गोष्ट आहे.)

यावरून माझं एक मत झालं आहे, आणि ते अनेकांना रुचत नाही: या तिघींमध्ये घेऊ नये अशी गाडी कुठली असेल तर ती मधली. एसएस व्ही. तिला एसएसचेच ब्रेक, एसएसचंच सस्पेन्शन, आणि वर १९ इंची चाकं. म्हणजे साध्या एसएसच्या १८ इंची टायरची जी थोडीफार मऊ बैठक होती तीही गेली, आणि बदल्यात रेडलाइनची पकड मिळाली नाही. आणि २०१३ ची नकाशा यंत्रणा आज कोण वापरतं? प्रत्येकाच्या हातातला फोन तिच्याहून चांगला रस्ता दाखवतो. चामडं उन्हानं तडकतं. नवी घेताना साडेतीन हजार मोजलेल्यांचं मी समजू शकतो. जुन्या बाजारात आज तो फरक मोजायचं काहीच कारण नाही.

तरीही आपली माणसं एसएस व्हीकडं का वळतात, हे मला कळतं. आपण पुण्या-मुंबईहून गाडी घ्यायची एक रीत घेऊन आलेलो असतो. तिथं ‘बेस मॉडेल’ म्हणजे कमी आणि ‘टॉप मॉडेल’ म्हणजे सीट, पडदा, छताची काच. वर चढत जाईल तसं गाडीच्या आतलं सामान वाढतं. खालचं सांगाडा-ब्रेक-चाक बहुतेक वेळा तेच राहतं. या हिशेबानं कमोडोरकडं पाहिलं की चामडं मिळालं म्हणजे काम झालं असं वाटतं, आणि त्याच्या वरचे पैसे वायफळ. पण होल्डननं इथं दोन वेगळ्या वाटा ठेवल्या होत्या. ज्याला आराम आणि रुबाब हवा त्याच्यासाठी कॅले आणि कॅले व्ही. तिच्यात व्ही-८ ही मिळत असे आणि सस्पेन्शन मऊ असे. ज्याला चालवायचं आहे त्याच्यासाठी एसएस, आणि त्या वाटेचं शेवटचं टोक रेडलाइन. पहिल्या वाटेची मोजपट्टी दुसऱ्या वाटेला लावली की एसएस व्ही बरोबर दिसते. चामडं आणि शांतता हवी असेल तर कॅले व्ही घ्या, ती फार चांगली गाडी आहे आणि तिच्याबद्दल कमी बोललं जातं.

रेडलाइनचं सामान दिखाऊ आहे असं ज्यांना अजूनही वाटतं, त्यांनी होल्डनची मालक कंपनी जनरल मोटर्सनं स्वतः काय केलं ते पाहावं. हीच व्हीएफ एलिझाबेथमध्ये बनून २०१४ चं मॉडेल म्हणून अमेरिकेत ‘शेव्हर्ले एसएस’ या नावानं गेली. तिथं पायऱ्या नव्हत्या. गाडी एकाच रूपात विकली गेली. एकच पाठवायची म्हटल्यावर कंपनीनं कुठली निवडली? नाव साध्या एसएसचं होतं, पण चाकांत पुढं ब्रेम्बो होते, टायर पुढं-मागं वेगळ्या रुंदीचे, रेडलाइनचेच, आणि इंजिन ६.२ लिटरचं एलएस-३, ४१५ अश्वशक्तीचं. ते इंजिन ऑस्ट्रेलियातल्या कमोडोरला २०१५ मध्ये मिळालं. मोठं इंजिन पाठवताना होल्डनच्या अभियंत्यांनी त्याला एसएसचे ब्रेक लावले नाहीत. माझ्या मते या वादात याहून मोठा साक्षीदार नाही.

फोर्डनंही त्याच काळात तेच केलं. २०१४ च्या शेवटी आलेल्या एफजी-एक्स फाल्कनमध्ये एक्सआर-८ परत आली: ५ लिटरची सुपरचार्ज केलेली व्ही-८, ३३५ किलोवॅट. तिला फोर्डच्याच एफपीव्ही या खास विभागाच्या जीटी आर-स्पेक गाडीचं सस्पेन्शन आणि ब्रेम्बोचे पुढचे ब्रेक मूळ किमतीतच दिले होते. त्यांशिवायची स्वस्त एक्सआर-८ फोर्डनं काढलीच नाही. होल्डननं खालची पायरी ठेवली, कारण कमोडोरची व्ही-८ ही इथल्या कामगाराची, ट्रेडवाल्याची गाडी होती आणि ४२ हजारांच्या आत एक व्ही-८ यादीत असणं विक्रीला गरजेचं होतं. त्यात वाईट काही नाही. पण तो निर्णय विक्रीच्या गणिताचा होता, आणि आपण त्याला अभियंत्यांचं मत समजतो.

कमोडोरवरच्या ‘एसएस’ या नावाची सुरुवात आठवली तरी हेच दिसतं. १९८२ मध्ये पीटर ब्रॉक, बाथर्स्टची मोठी शर्यत पुढं एकूण नऊ वेळा जिंकलेला माणूस, व्हीएच कमोडोरवर एसएस तयार करत होता, तेव्हा त्यानं ग्रुप एक, दोन, तीन अशा पायऱ्या केल्या होत्या.  बाथर्स्टचा माउंट पॅनोरमा हा शर्यत नसेल तेव्हा सार्वजनिक रस्ता असतो; ताशी ६० च्या मर्यादेत कुणीही जाऊ शकतो. तळ आणि माथा यांत १७४ मीटरचं अंतर आहे. स्कायलाइनपासून खाली फॉरेस्ट्स एल्बोपर्यंतची वळणं त्या कायदेशीर वेगानं जरी उतरलात, तरी इथं शर्यत जिंकणाऱ्या माणसाला ब्रेकची काळजी का होती ते समजतं.

आता दुसऱ्या टोकाच्या लोकांशीही दोन शब्द बोलायला हवेत, कारण ते माझ्या बाजूचे समजले जातात आणि मला ते नको आहेत. एलिझाबेथमधून बाहेर पडलेली शेवटची गाडी लाल रंगाची रेडलाइन सेडान होती. तेव्हापासून एक वर्ग असा तयार झाला आहे, जो रेडलाइन घेतो, पांघरूण घालून गॅरेजमध्ये ठेवतो आणि किंमत वाढायची वाट बघतो. २०१७ च्या मर्यादित आवृत्त्यांची, मोटरस्पोर्ट आणि डायरेक्टरची, तीच गत झाली. ज्या ब्रेकसाठी मी इतकं लिहिलं ते या गॅरेजांत गंज धरतात, टायर उभ्या-उभ्या कडक होतात. एसएस घेऊन ती रोज चालवणारा, सुट्टीत घरच्यांना घेऊन होथमला जाणारा माणूस मला या संग्राहकांपेक्षा गाडीचा जास्त खरा मालक वाटतो. रेडलाइन चांगली आहे ती वापरण्यासाठी.

आणि एसएस कुणी घ्यावी, हेही स्पष्ट सांगतो. ज्याचा प्रवास शहरातला आहे, ज्याला व्ही-८ चा आवाज आणि सोपा ओव्हरटेक हवा आहे, ज्याच्या घराकडं जाणारा रस्ता कच्चा आहे आणि म्हणून ज्याला १८ इंची उंच टायर हवा आहे, त्यानं खुशाल एसएस घ्यावी. ती प्रामाणिक गाडी आहे. फक्त ‘तीच रेडलाइन आहे, स्टिकर नाही एवढंच’ अशा समजुतीनं घेऊ नये, आणि दुसऱ्यालाही तसं सांगून घ्यायला लावू नये.

हे आता नीट ठरवायला हवं, कारण नवी येणार नाही. जनरल मोटर्सनं २०१७ मध्येच भारतात शेव्हर्ले विकणं थांबवलं. तळेगावचा कारखाना त्यानंतर निर्यातीसाठी २०२० च्या डिसेंबरपर्यंत चालला. होल्डन हे नाव मोडीत काढण्याची घोषणाही २०२० च्या फेब्रुवारीत झाली. एलिझाबेथ आणि तळेगाव, दोन्हीकडच्या कामगारांनी एकाच मालकाचा निरोप तीन वर्षांच्या अंतरात ऐकला. ज्या व्हीएफ आज रस्त्यावर आहेत तेवढ्याच आहेत, आणि दर वर्षी त्यातल्या काही अपघातात आणि भंगारात जातात.

म्हणून जुन्या बाजारात निघालेल्या वाचकाला माझं सांगणं इतकंच आहे. मागच्या दारावरची नावं आणि डिक्कीवरचे बिल्ले बघू नका, ते कुणीही चिकटवतं. मागच्या टायरच्या बाजूला वाकून आकडा वाचा. तिथं २७५ असायला हवा आणि पुढं २४५. चाकाच्या आऱ्यांतून ब्रेक बघा, डिस्कच्या कडेला नखानं चाचपून झिजलेली पायरी किती आहे ते पाहा, कारण त्या डिस्क बदलणं स्वस्त नाही. गाडीच्या क्रमांकावरून ती मुळात कुठलं मॉडेल म्हणून निघाली ते तपासून घ्या. आणि पैसे मोजके असतील, समोर एकाच किमतीला २०१६ ची ३०४ किलोवॅटची एसएस आणि २०१४ ची २७० किलोवॅटची रेडलाइन उभी असेल, तर चौतीस किलोवॅट सोडून द्या आणि २०१४ ची रेडलाइन घ्या.